साथीच्या काळात जखमीला कुठे न्यावे?

२०१९ साली महाराष्ट्रात ३२,९२५ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १२,७८८ माणसे गेली. पुढच्या वर्षी करोना आला, टाळेबंदी लागली, रस्ते ओस पडले आणि अपघातांची संख्या २४,९७१ वर उतरली. जवळजवळ पाव हिस्सा घट. मृत्यू मात्र ११,५६९ झाले. ते एक दशांशानेही कमी झाले नाहीत. शंभर अपघातांमागे आधी ३९ जीव जात होते, ते ४६ जाऊ लागले.

याला कारणे अनेक आहेत. मोकळ्या रस्त्यांवर वाहने बेफाम सुटली, आणि त्या धांदलीत किरकोळ अपघातांची नोंदही कमी झाली असणार. पण त्या दिवसांत ज्यांनी रक्ताळलेला माणूस गाडीत घालून शहर पालथे घातले किंवा तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत धाव घेतली, त्यांना आणखी एक कारण चांगले ठाऊक आहे. पहिल्या दारात ‘बेड नाही’, दुसऱ्या दारात ‘आधी टेस्ट करून आणा’, तिसऱ्या दारात ‘आमच्याकडे आता फक्त कोविड’. एरवी जखमीचा वेळ रस्त्यात जातो, साथीत तो दारोदार फिरण्यात जातो. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जखमीला कुठे न्यायचे याचा निर्णय अपघाताच्या आधी झालेला असला पाहिजे.

साथ आली म्हणून माणसे पडायची, भाजायची, यंत्रात सापडायची थांबत नाहीत. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर पत्रे उडवले, झाडे लोळवली. २४ ऑगस्टला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जण दगावले, आणि महिनाभरात, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर पडली. हे सगळे साथीची पहिली लाट चढत असताना घडले. शिवाय बातमीत न येणारे अपघात वेगळेच: घरी बसलेल्या मुलांचे गच्चीवरून पडणे, कडबाकुट्टीत गेलेली बोटे, नारळावरून घसरलेला पाडेली, उलटलेला ट्रॅक्टर.

शहरात: जवळचे मोठे रुग्णालय उघडे आहे का?

शहरातल्या माणसाला रुग्णालये भरपूर दिसतात, आणि त्यामुळेच तो गाफील राहतो. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईचे नायर रुग्णालय करोना रुग्णांसाठी राखून ठेवले गेले. मुंबई सेंट्रल, आग्रीपाडा, नागपाडा इथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती की काही झाले की नायर. ती सवय एका आदेशाने निकामी झाली. पुण्यात ससूनमध्ये करोनासाठी स्वतंत्र इमारत उघडली, तेव्हा आवार तेच राहिले पण कोणता रुग्ण कोणत्या दाराने आत जाणार हे बदलले. साथीत रुग्णालयाचे नाव माहीत असून भागत नाही. आज त्याची कॅज्युअल्टी कुठे आहे आणि ती कोणाला घेते हे माहीत असावे लागते.

म्हणून साथीची चाहूल लागताच तुमच्या सोसायटीने, चाळीने किंवा मंडळाने एक काम करावे. आसपासच्या चार-पाच रुग्णालयांत फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारावे. चोवीस तास कॅज्युअल्टी चालू आहे का? रात्री सीटी स्कॅन होतो का? हाडांचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ बोलावल्यावर किती वेळात येतात? मेंदूची शस्त्रक्रिया होते का, नसेल तर ते पुढे कुठे पाठवतात? रक्तपेढी आवारात आहे की बाहेरून रक्त आणावे लागते? ही उत्तरे एका कागदावर लिहून वॉचमनच्या टेबलावर चिकटवावीत आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारून दुरुस्त करावीत, कारण साथीत आठवड्याभरात चित्र पालटते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नये. दुसऱ्या लाटेत अशा याद्यांतले निम्मे नंबर लागतच नव्हते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

छोट्या नर्सिंग होमबद्दल स्पष्ट बोलायला हवे. हाडाचे साधे फ्रॅक्चर, टाके, भाजलेला हात यांसाठी ती उत्तम आहेत, आणि साथीत तर मोठ्या रुग्णालयांवरचा भार तीच हलका करतात. पण डोक्याला मार लागून गुंगीत गेलेला माणूस, पोटावरून किंवा छातीवरून चाक गेलेला माणूस, उंचावरून पडलेला माणूस यांना तिथे नेऊन अर्धा तास घालवू नये. मुंबईत सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा जोगेश्वरीचे ट्रॉमा रुग्णालय, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, अशा ठिकाणी रात्रीबेरात्री एकाच छताखाली शस्त्रक्रियेचे अनेक विभाग असतात. गर्दी असते, बाकड्यावर बसावे लागते, पण जखमीला लागणारे हात तिथेच असतात.

गावात: पायऱ्या ओळखा

ग्रामीण भागात प्रश्न उलटा आहे. दार एकच असते, तेही लांब. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचे सिव्हिल आणि मग मेडिकल कॉलेज अशा या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर थांबत वर चढायचे ठरवले तर जखमीची ताकद वाटेतच संपते. आणि कुठेच न थांबता थेट शंभर किलोमीटर पळवले तरी तो रस्त्यात दगावू शकतो. थांबायचे कुठे आणि ओलांडायचे काय, यासाठी एक ढोबळ नियम सांगतो.

श्वास नीट चालत नसेल, रक्त थांबत नसेल, किंवा माणूस थंडगार पडून घामाघूम झाला असेल, तर आधी जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. तिथे शल्यविशारद नसला तरी श्वासमार्ग मोकळा करता येतो, सलाईन लावता येते, ऑक्सिजन देता येतो आणि ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे इंजेक्शन देता येते. हे स्वस्त औषध आहे. चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर झालेल्या अभ्यासात २०१० साली दिसले की ते लवकर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. मात्र मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिले तरच त्याचा फायदा आहे, उशिरा दिले तर अपायही होऊ शकतो. तिथला अर्ध्या तासाचा थांबा म्हणजे पुढच्या प्रवासाची शिदोरी आहे. आणि त्याच अर्ध्या तासात पुढच्या रुग्णालयाशी फोनवर बोलून खाट पक्की करून घ्यायची. ‘रेफर’चा कागद घेऊन निघणे पुरेसे नाही. पुढे कोणत्या डॉक्टरशी बोलणे झाले, त्यांचे नाव आणि किती वाजता बोलणे झाले, हे कागदावर लिहून मागा.

उलट पायाचे हाड मोडले आहे पण माणूस शुद्धीवर आहे, नीट बोलतो आहे, रक्त वाहत नाही, तर पाय बांधून, आधी फोन करून, जिथे हाडाची शस्त्रक्रिया होते तिथेच थेट न्यावे.

सीमेवरच्या गावांनी आणखी एक विचार करून ठेवावा. सिंधुदुर्गातल्या माणसाला गंभीर दुखणे आले की तो बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला जातो. दोडामार्ग, सावंतवाडीला तेच जवळ. मेळघाटात धारणीहून अमरावती घाटरस्त्याने तीन-चार तास, तर मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर त्याहून पुष्कळ जवळ. चंदगडचा माणूस बेळगावकडे वळतो. टाळेबंदीत हद्दी बंद झाल्या आणि या रोजच्या वाटा नाक्यांवर अडल्या. आणीबाणीच्या वैद्यकीय प्रवासाला सूट होती, पण नाक्यावरच्या शिपायाला रात्री दोन वाजता ते पटवून देण्यात जखमीचा वेळ जातो. अशा गावांच्या ग्रामपंचायतींनी साथ सुरू होताच तहसीलदार आणि पोलीस ठाण्याकडून नाक्यावरचा संपर्क क्रमांक आणि लागणारे पत्र मिळवून ठेवावे, आणि हद्द बंदच झाली तर दुसरे रुग्णालय कोणते, हेही ठरवून ठेवावे.

१०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधने असलेल्या. गाडीत डॉक्टर असतो, ही तिची मोठी जमेची बाजू, आणि कोणत्या रुग्णालयात जागा आहे याची चौकशीही तिथून होऊ शकते. म्हणून पहिला फोन १०८ लाच करावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही आहे, आणि पोलीस हवे असतील तर ११२. पण साथीच्या शिखरावर याच गाड्या धाप लागलेल्या करोना रुग्णांची ने-आण करण्यात अडकलेल्या असतात. गाडी यायला किती वेळ लागेल हे फोनवर स्पष्ट विचारा. ते पाऊण तास म्हणाले आणि रक्त थांबत नसेल, तर वाट पाहू नका.

यासाठी गावात दोन-तीन गाड्या आणि त्यांचे रात्री फोन उचलणारे चालक ठरवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे असे माझे ठाम मत आहे. चालकाला डिझेलचे पैसे ग्रामपंचायत देईल हे आधीच सांगावे, म्हणजे त्या रात्री घासाघीस होत नाही. मागची सीट काढता येणारी गाडी असेल तर उत्तम, कारण जखमीला आडवे नेता येते. आशाताईंना ही यादी पाठ असावी. साथीत घरोघरी जाणाऱ्या त्याच असतात आणि कोणाच्या घरी काय झाले ते सर्वांत आधी त्यांनाच कळते.

पहिली दहा मिनिटे

साथीत मदतीला धावणाऱ्याचे हात अडखळतात, आणि ती भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय सोपा आहे. स्वतः मास्क लावा, हातात मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा, आणि जखमी शुद्धीवर असून नीट श्वास घेत असेल तर त्याच्याही तोंडावर मास्क किंवा रुमाल ठेवा. बेशुद्ध माणसाला, उलट्या करणाऱ्याला किंवा धाप लागलेल्याला मास्क लावू नये. गर्दी हटवा, दोन-तीन माणसे पुरेत. नंतर साबणाने हात धुवा, कपडे बदला. एवढी काळजी घेतली की रस्त्यावर पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरण्याचे कारण नाही.

वाहणारे रक्त थांबवणे हे तुमच्या हातातले सर्वांत मोठे काम. स्वच्छ सुती कापड, टॉवेल, उपरणे, पदर, जे असेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. सारखे उचलून बघू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, चुना, राख, तंबाखू, पेट्रोल यांतले काहीही जखमेत भरू नका. डॉक्टरला ते सगळे धुऊन काढण्यात वेळ घालवावा लागतो आणि जखम चिघळते. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच पट्टा आवळावा. दोन इंच रुंदीचे कापड जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर नाही, बांधायचे. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचे. आणि वेळ कपाळावर किंवा हातावर पेनने लिहायची. वाटेत तो सैल करू नये. दोरी, वायर, सुतळी वापरू नका. ती मांसात रुतते आणि रक्त थांबवत नाही.

मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, किंवा माणूस उंचावरून पडला असेल, तर त्याला उठवून बसवू नका आणि दुचाकीवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नका. चौघांनी मिळून डोके, धड, पाय एका रेषेत ठेवत कुशीवर वळवावे आणि खाली दार, फळी किंवा बाज सरकवावी. एकाने डोके दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, ते काम सोडायचे नाही. चहा-पाणी देऊ नका. ‘थोडे पाणी तरी पाजा’ हा आग्रह मायेपोटी होतो हे मला कळते, पण पोटात काही असेल तर भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, आणि गुंगीतल्या माणसाच्या तर ते तिथेच घशात अडकते.

यंत्रात बोट तुटले असेल तर ते शोधून आणा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा; बोट थेट बर्फात टाकू नका. भाजले असेल तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट लावू नका. ढिगाऱ्याखाली तासाभराहून अधिक काळ पाय दबलेल्या माणसाला डॉक्टर आल्याशिवाय घाईने ओढून काढू नये. दाब एकदम सुटला की मेलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून हृदय आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात, म्हणून बचाव पथके आधी सलाईन सुरू करतात.

ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नका

करोनाने घराघरांत ऑक्सिमीटर आणला. त्यावर ९८ आकडा दिसला की जीवात जीव येतो, ही सवय आता अंगवळणी पडली आहे. जखमीच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. ऑक्सिमीटर फक्त एवढे सांगतो की उरलेल्या रक्तात प्राणवायू किती आहे. रक्त किती उरले आहे हे तो सांगत नाही. पोटात प्लीहा फुटून लिटरभर रक्त साठले तरी आकडा चांगला दिसू शकतो. शिवाय हात गार पडले की यंत्र चुकीचे वाचते. त्याऐवजी माणसाकडे बघा. नाडी वेगाने चालते आहे का, अंग गार आणि घामेजलेले आहे का, तो बेचैन आहे का, तहान तहान करतो आहे का, पोट टणक होते आहे का? यातले दोन-तीन दिसले तर यंत्र काहीही सांगो, निघा.

डोक्याच्या माराबद्दलही असेच. बाहेरून फक्त टेंगूळ दिसते, माणूस उठून चालतो, आणि साथीत घरचे म्हणतात, उगाच रुग्णालयात नेऊन लागण कशाला करून घ्या. पुढचे २४ तास कोणीतरी त्याच्याजवळ बसायला हवे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून न उठणे, असंबद्ध बोलणे, झटका, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, कानातून वा नाकातून पाण्यासारखा द्राव येणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे: यांतले एक जरी घडले तरी सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी तातडीने जायचे. दारू प्यायलेल्या माणसाला ‘नशेत आहे’ म्हणून झोपू देऊ नका.

एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा: रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत का. करोनाच्या उपचारानंतर अनेकांना काही आठवडे अशा गोळ्या दिल्या जात. हृदयरोग्यांना त्या एरवीही असतात. अशा माणसाला पडल्यावर छोटा मारही मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. अलीकडे स्टेरॉइड घेतले असेल तर तेही सांगा. साखर वाढते आणि जखमेत जंतुसंसर्ग लवकर होतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या गोळ्यांची पट्टी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली तर हे काम क्षणात होते.

दारात अडवले तर

जखमीवर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. खाट नसेल तरी रक्त थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे, सलाईन लावणे आणि मग नीट सोय करून पुढे पाठवणे हे करावेच लागते. साथीत हा नियम रद्द होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शनात अत्यावश्यक सेवा चालू ठेवायला सांगितल्या होत्या, आणि त्यात आणीबाणीचे उपचार होते. तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी चाचणीच्या अहवालाची वाट बघत बसायचे नसते. प्रत्येक जखमीला बाधित समजून, पीपीई घालून काम सुरू करायचे आणि नमुना त्याच वेळी घ्यायचा.

दारात भांडण करू नका, पण ठाम बोला. ‘पेशंट शॉकमध्ये आहे, आधी तपासा, स्थिर करा, मग सांगा कुठे न्यायचे’ हे वाक्य बहुतेक वेळा दार उघडते. नकार मिळाला तर तो लेखी मागा. २०२१ पासून राज्यातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, तिच्याकडे बोट दाखवा. आणि आपल्या बाजूनेही प्रामाणिक राहा. ताप होता, घरात कोणी बाधित आहे, चव गेली आहे, हे लपवू नका. लपवल्याने उपचार लवकर मिळतील ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत त्याच वॉर्डातल्या परिचारिकेला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मोजावी लागते.

अनोळखी जखमीला उचलून आणणाऱ्याला आता कायद्याचे पक्के संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. तुम्ही नाव सांगायला बांधील नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, पैसे भरायची जबाबदारी तुमची नाही. पैशांचे म्हणाल तर मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. ती योजनेतल्या रुग्णालयांत मिळते आणि पोलिसांकडे अपघाताची नोंद व्हावी लागते. याशिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा.

रुग्णालयात आत एकाच नातेवाइकाला राहू देतात, कधी तेवढेही नाही. तो नातेवाईक सर्वांत धीट असण्यापेक्षा रुग्णाची आजारपणे आणि गोळ्या माहीत असलेला, सही करू शकणारा असावा. चार्जर बरोबर द्या. डॉक्टरांनी दिवसातून एकदा कोणत्या वेळी फोन करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

कोणते ऑपरेशन थांबवावे, कोणते नाही

२०२० च्या मे महिन्यात चोवीस देशांतल्या १,१२८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के महिन्याभरात दगावले आणि निम्म्यांना फुप्फुसांचा त्रास झाला. म्हणून साथीत डॉक्टर मनगटाच्या किंवा पायाच्या साध्या फ्रॅक्चरला प्लेट न घालता प्लास्टर सुचवतात, तेव्हा ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नका. कमरेखाली किंवा फक्त हात बधिर करून शस्त्रक्रिया करण्यामागेही तोच विचार असतो. घशात नळी घालताना होणारा तुषारांचा फैलाव त्यामुळे टळतो.

पण काही गोष्टी थांबत नाहीत. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर अँटिबायोटिक पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवे आणि जखम धुवायलाच हवी. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, नाहीतर अंथरुणाला खिळून न्यूमोनिया आणि शय्याव्रण होतात. साथ ओसरेपर्यंत आजीला घरीच झोपवून ठेवू, हा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांशी दोनदा बोला.

गावात हाडवैद्याकडे जाण्याचा ओढा साथीत वाढतो, कारण तो घरी येतो आणि चाचणी मागत नाही. घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली हात काळा पडून तो कापावा लागल्याची उदाहरणे शल्यविशारदांना नवी नाहीत. बांधल्यानंतर दुखणे वाढतच असेल, बोटे गार, निळी किंवा बधिर झाली असतील, तर बांधणी लगेच सोडा आणि रुग्णालय गाठा. प्लास्टरच्या बाबतीतही हेच लक्षण धोक्याचे.

रक्त

साथीत शिबिरे रद्द होतात, महाविद्यालये आणि कंपन्या बंद असतात, आणि रक्तपेढ्या रिकाम्या होतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. म्हणून एका दिवशी तीनशे बाटल्यांचे मोठे शिबिर भरवण्यापेक्षा दर आठवड्याला दहा-पंधरा जणांनी वेळ ठरवून रक्तपेढीत जाणे साथीत कितीतरी उपयोगी आणि सुरक्षित. गणेश मंडळांनी आपल्या कार्यकर्त्यांची रक्तगटवार यादी करून ती जवळच्या रक्तपेढीला द्यावी. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. आजारातून उठल्यावर किंवा लस घेतल्यावर किती दिवस थांबायचे याचे नियम साथीगणिक बदलतात, ते रक्तपेढीलाच विचारावे. तालुक्याच्या ठिकाणी रक्त साठवण केंद्र आहे का आणि त्यात आज किती पिशव्या आहेत, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

घरी आल्यावर

साथीत रुग्णाला लवकर घरी पाठवतात, आणि ते योग्यच असते. मात्र त्यामुळे देखभालीचे काम घरावर येते. टाके काढणे, ड्रेसिंग करणे, धनुर्वाताचे इंजेक्शन यांसाठी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात परत जायची गरज नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते, फक्त डिस्चार्ज कार्डावर तारीख आणि काय करायचे ते लिहून घ्या. साधे प्रश्न ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर घरबसल्या डॉक्टरांना विचारता येतात. बरगड्या मोडलेल्या माणसाने दुखते म्हणून उथळ श्वास घेत पडून राहू नये. वेदनाशामक वेळेवर घेऊन दर तासाला दहा खोल श्वास घ्यावेत, नाहीतर फुप्फुसात कफ साठतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आला तर त्याला करोना समजून घरात कोंडून घेऊ नका आणि फक्त जखमेचा ताप समजून निर्धास्तही राहू नका. जखम उघडून बघावी लागेल आणि चाचणीही करावी लागेल.

कागद जपा. डिस्चार्ज कार्ड, एमएलसी (रुग्णालयातल्या पोलीस प्रकरणाच्या नोंदीचा) क्रमांक, एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म, औषधांची बिले, पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत हे सगळे एका पिशवीत घालून, प्रत्येकाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. नुकसानभरपाईचा दावा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र या दोन्हींसाठी ते लागतात. साथीत कार्यालये बंद आहेत म्हणून दावा सहा-आठ महिने पडून राहू देऊ नका; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र माणसांना मोफत वकील मिळतो, आणि तिथला पहिला अर्ज घरातल्या कोणालाही जाऊन करता येतो.